माझ्या पोटात कुंकू नव्हतं

मी एसएमपीएस बोलतोय. ओळखलं नाहीत ना? नाहीच ओळखणार. कॉम्प्युटर म्हटलं की तुम्हाला स्क्रीन आठवतो, कीबोर्ड आठवतो, फार तर काचेच्या पेटीतली ती लाल-निळी रोषणाई आठवते. पण भिंतीतली वीज जशीच्या तशी आत सोडली, तर ही सगळी शहाणी मंडळी एका क्षणात भाजून निघतील. ती वीज उतरवून, गाळून, ज्याला जेवढी सोसेल तेवढीच वाढणारा एक पत्र्याचा डबा पेटीच्या तळाशी बसलेला असतो. तो मी.

म्हणजे होतो. आता मी जळून गेलेला आहे. तरी मला अजून कुणी भंगारात टाकलेलं नाही. वाघोलीतल्या एका फ्लॅटमध्ये, टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवलंय. का, ते सांगतो. मला राग आलेला आहे आणि तो गिळून जायची माझी अजिबात इच्छा नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कुठल्याशा कारखान्यात घाईघाईनं माझी जुळणी झाली. चांगल्या एसएमपीएसच्या पोटात जाड तांब्याचे वेढे असतात, दमदार भाग असतात. माझ्या पोटात सगळं हात आखडून घातलेलं. आणि इतकं करून शेवटी माझ्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवली : साडेचारशे वॉट! माझी खरी ताकद त्याच्या निम्म्याला जेमतेम पोचत असेल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण ती चिठ्ठी मी लिहिली नव्हती, आणि वाचणाऱ्यानं तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिथून मी एका कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या रिकाम्या पेटीच्या, आत बसून पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानात आलो. गिऱ्हाईक विचारायचं, "एसएमपीएस वेगळा घ्यावा लागेल का?" दुकानदार मान वर न करता म्हणायचा, "आतच आहे. फ्री." फ्री! ज्याच्या जिवावर सगळा संसार चालायचा, तो फुकट. साडीबरोबर मिळणाऱ्या पिशवीला तरी लोक घडी घालून जपतात.

त्या दुकानातून मला इंगोल्यांनी घरी आणलं. हिंमतराव इंगोले मूळचे अकोल्याकडचे, सणसवाडीच्या एका कारखान्यात कामाला. त्यांची बायको द्वारका मराठी टायपिंग शिकलेली होती आणि घरी बसून अक्षरजुळणीची कामं घ्यायचं तिच्या मनात होतं. मुलगा साई तेव्हा अकरावीत. तयार कॉम्प्युटर कशाला, सुटे भाग आणू, मी घरीच जोडतो, असं त्यानं व्हिडिओ बघून ठरवलेलं.

आणि जोडला हं त्यानं. खोटं कशाला बोलू, तो दिवस छान होता. हॉलमध्ये चादर अंथरून, जिभेचं टोक बाहेर काढून पोरगा एकेक स्क्रू लावत होता. द्वारका शेजारी मोबाइलचा टॉर्च धरून बसली होती. शेवटी बटण दाबलं, माझा पंखा फिरला, स्क्रीनवर अक्षरं उमटली आणि द्वारकेनं टाळी वाजवली. "चालू झालं न बापा!" म्हणाली. मला वाटलं, चला, बरं घर मिळालं.

त्यानंतरची दोनेक वर्षं सुखाची गेली. दुपारची भांडी आवरली की द्वारका टेबलाशी यायची. लग्नपत्रिका, स्मरणिका, कुणाचा तरी कवितासंग्रह. शनिवार पेठेत तनुजाताई म्हणून एक बाई छापखाना चालवतात, त्यांच्याकडून ही कामं यायची. द्वारका स्वतःशी बोलायची वऱ्हाडीत आणि टाइप करायची अगदी पुस्तकी मराठीत. "ऱ्हस्व हाय का दीर्घ हाय रे तू?" असं ती वेलांटीला विचारायची. असल्या कामाला वीज लागून लागून किती लागणार? मी आरामात होतो.

दर दसऱ्याला ती कॅबिनेटवर कुंकवाचं बोट लावायची, वर झेंडूचं फूल ठेवायची. माझ्यापर्यंत काही पोचायचं नाही. मी आत, अंधारात. पण उदबत्तीचा वास पंख्यातून यायचा.

मग साई वाघोलीतल्याच इंजिनीअरिंग कॉलेजात गेला आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

त्याला अपग्रेडचं वेड लागलं. आधी नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर आला. मग रंगीत दिवे असलेली रॅम आली. रॅमला दिवे! पेटीच्या आत, जिथं कुणी वाचायला बसत नाही. त्यानंतर कुणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आलं. वीतभर लांब, अंगानं जाड आणि भुकेचं तर विचारू नका. आल्या आल्या माझ्या सगळ्या वायरींवर हक्क सांगून बसलं. आयत्या बिळावर नागोबा.

सगळं बदललं. मला कुणी बदललं नाही. मी दिसतच नाही ना! व्हिडिओत दाखवायला माझ्यात काय आहे?

शुभंकर नावाचा साईचा एक मित्र आहे, याच नादातला पण जरा जुना. तो एकदा घरी आला, वाकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भावा, हा कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस आहे ना? कार्ड लावलंस त्याच्यावर? आधी हा बदल."

"अरे साडेचारशेचा आहे तो. पुरतो."

"लेबलवर नको जाऊ रे. फुटेल एक दिवस."

"नेक्स्ट मंथ बघू. आधी प्रोसेसरचा कूलर घेतोय, आरजीबी लाइटवाला."

हे संभाषण लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

कूलर आला आणि साई ओव्हरक्लॉकिंग शिकायला बसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : कारखान्यानं प्रोसेसरला एक वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा त्याला जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसर पळतो, तापतो, दमतो आणि जास्त वीज मागतो. मागतो कुणाकडे? शिकायला माझी ना नाही. पण शिकणाऱ्यानं एक पायरी चढली की थांबावं, बघावं. हा पोरगा एक आकडा वाढवायचा, मशीन बंद पडायचं, मग हा वीज वाढवायचा, मशीन कसंबसं उठायचं. मशीन तग धरतं का ते बघणारी एखादी चाचणी थोडा वेळ चालवायची, ती पुरी व्हायच्या आत फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, "भाऊ, स्टेबल!" स्टेबल म्हणे. माझ्या पोटात काय चाललंय हे कोण विचारणार?

त्यात आत गरम होतं म्हणून त्यानं कॅबिनेटची काचेची बाजू काढून पलंगाखाली सरकवली. वाघोलीची धूळ तुम्हाला माहीत असेल. चारी बाजूंनी इमारती उठताहेत, नगर रस्त्यावरून दिवसभर ट्रक आणि टँकर धावताहेत. ती सगळी धूळ माझ्या पंख्यातून माझ्या पोटात. मी खोकलो तरी कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"आई, आता टाइप करून बघ, कसला पळतोय!" साई म्हणाला. द्वारका टाइप करायला लागली. तिची बोटं जेवढी भरभर चालत होती तेवढीच चालली. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईला घोडदौड काय कामाची?

याच सुमाराला तनुजाताईंचा फोन आला. द्वारका काम करताना फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावते, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"द्वारकाताई, यंदाचा दिवाळी अंक पूर्ण तुमच्याकडे. आजवर तुम्ही तुकडे केलेत, आता अख्खं करा. श्रेयनामावलीत नाव जाईल. कसं छापू? अक्षरजुळणी : द्वारका इंगोले, की मध्ये हिंमतराव हवेत?"

द्वारकेनं कीबोर्डवरची बोटं उचलली. "द्वारका इंगोले एवढंच ठेवा, ताई."

"योग्य आहे. टाइप काही हिंमतराव करणार नाहीत."

इतकी वर्षं तिनं लोकांची नावं छापायला दिली. नवरदेवांची, कवींची, अध्यक्ष आणि उपाध्यक्षांची. तिचं स्वतःचं नाव कुठंच आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिनं सगळ्यात आधी श्रेयनामावलीचं पान लावलं. स्वतःची ती ओळ टाइप केली, पुसली, पुन्हा केली. टाइप थोडा मोठा करून पाहिला आणि लाजून पुन्हा लहान केला. हिंमतराव कामावरून आले तेव्हा त्यांना हाताला धरून स्क्रीनसमोर उभं केलं. "वाचा बरं." त्यांनी वाचलं. मग पायातले मोजे न काढताच ते खुर्चीत बसले आणि पुन्हा वाचलं.

दसरा आला. साई झोपलेला होता. द्वारका तबक घेऊन टेबलाशी आली. मशीन बंद होतं, कॅबिनेटची बाजू उघडी. तिनं आत डोकावून पाहिलं. हिरव्या बोर्डाला, कार्डाला तिनं हात लावला नाही, कुंकू असल्या ठिकाणी लावायचं नसतं एवढं कुणालाही कळतं. मग तिची नजर खाली माझ्याकडे आली.

"अन् हा कोन हाय बापा, खाली बसेल?" ती म्हणाली. "साऱ्या वायरी तर याच्यातूनच निघून राह्यल्या."

आणि तिनं माझ्या पत्र्यावर, बाहेरून, कुंकवाचं बोट लावलं. वर कॅबिनेटवर एक झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडले. "दिवाळीपर्यंत नीट चाल," म्हणाली.

तोपर्यंत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मी ठरवलं, हिचा अंक होईपर्यंत आपण मरायचं नाही. पण ठरवून काय होतं?

अंकाची पानं जवळजवळ पुरी होत आली होती. द्वारका एका कथेचं शेवटचं पान लावत होती. साई मागून आला आणि म्हणाला, "आई, जरा सरक. एक टेस्ट लावतो. ती मागे चालू राहील, तू तुझं काम कर."

"काही होनार नाही न?"

"काही होत नाही गं."

त्यानं प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही एकदम पूर्ण ताकदीनं पळवलं आणि मोबाइल घेऊन सोफ्यावर लोळला. दोघं माझ्या अंगावर तुटून पडले. आण, आण, अजून आण! माझ्याकडे होतं तेवढं दिलं. नव्हतं तेही द्यायला गेलो. पोटातला एक भाग फुगून फुटला, मोठा आवाज झाला, जळका वास सुटला आणि मी गेलो. जाताना धड गेलो नाही. माझा झटका हार्ड डिस्कला बसला आणि तीही गेली. अंकाची सगळी पानं तिच्यात होती.

साई धावत आला. कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला. तळाशी, माझ्याशेजारी, झेंडूची एक वाळकी पाकळी पडली होती. वरच्या फुलातली गळून आत आलेली. आणि माझ्या पत्र्यावर कुंकू.

"आई! हे काय आहे? आत कुंकू लावलंस तू? वेडी आहेस का? इलेक्ट्रॉनिक्समध्ये कुणी हळदीकुंकू टाकतं का? शॉर्ट झालं सगळं!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटलं असेल, असं धरून चालू. पण शुभंकरचे शब्द तो विसरला होता का? आत्ताच स्वतःच्या हातानं लावलेली टेस्ट विसरला होता का? समोर आई उभी होती आणि आईवर ढकलणं सोपं होतं, इतकंच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हिंमतराव आतून आले. "अबे, मायवर काहून वरडतं?"

"मग काय करू बाबा? हिला काही कळतं का यातलं?"

द्वारका स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनं हात धुतले. दसरा होऊन इतके दिवस झाले होते, बोटाला कुंकू कुठून असणार? तरी धुतले.

पेटीच्या तळाशी मी मेलेला पडलो होतो. मला ओरडायचं होतं की अरे गाढवा, कुंकू माझ्या कपाळावर आहे, पोटात नाही! उघडून तर बघ!

तिनं तनुजाताईंना फोन लावला. "ताई, माझ्या हातानं मशीन बिघडलं. पानं आतच राहिली सगळी."

"सगळी?"

"हो."

"द्वारकाताई, दिवाळी अंक आहे. होळीला काढून चालत नाही. मशीन कधी चालू होईल?"

द्वारकेनं साईकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले.

"सांगता येत नाही, ताई. तुम्ही दुसरीकडे द्या."

"बरं. वाईट वाटून घेऊ नका. घेतलंत तरी आता उपयोग नाही."

दुसऱ्याच दिवशी साईनं कॅबिनेट शुभंकरकडे नेलं. शुभंकरनं दुसरा एसएमपीएस लावून बघितला आणि मशीन सुरू झालं. बोर्ड ठीक, कार्ड ठीक, प्रोसेसर ठीक. ही मंडळी कधी मरत नाहीत, मरतो तो खालचा. मग शुभंकरनं माझं झाकण उघडलं. आत काजळी, धूळ आणि फुटलेला भाग. कुंकवाचा एक कणही नव्हता.

"बघ," तो म्हणाला, "म्हटलं होतं ना फुटेल. तुझ्या कार्डानं खाल्ला याला."

साईनं झाकण परत वर ठेवलं आणि म्हणाला, "घरी नको बोलू काही. सॉर्टेड आहे."

सॉर्टेड! मला त्या शब्दाचा अर्थ नीट माहीत नाही, पण तो ऐकल्यापासून माझ्या डोक्यात आग आहे. त्याला कळलं होतं. त्या दिवशीच कळलं होतं. नवा एसएमपीएस, नवी डिस्क घेऊन तो त्याच संध्याकाळी घरी आला, मशीन जोडलं आणि आईला म्हणाला, "झालं चालू. फक्त आता त्याच्याजवळ पूजाबिजा नको प्लीज."

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मशीन चालू होतं. मजकूर तनुजाताईंकडे होता. काम दुसरीकडे नुकतंच गेलं होतं, एका फोनवर परत आलं असतं. द्वारका पुन्हा बसली असती आणि दिवाळीपर्यंत अंक पुरा करून दिला असता, बोटं झिजवून दिला असता. पण ती बसलीच नाही. तिला वाटत होतं, आपला हात लागला की मशीन जळतं.

मला झाकण नुसतं वर ठेवून गॅलरीत टाकलं, ई-कचऱ्याची गाडी येईपर्यंत. तिथून मी सगळं बघत होतो. लक्ष्मीपूजनाला द्वारकेनं घरभर दिवे लावले. टेबलाशी आली नाही. दारातूनच कॉम्प्युटरला हात जोडले, जसे लोक रस्त्यावरून जाताना बंद देवळाला जोडतात. साई खुर्चीत बसून गेम खेळत होता. त्यानं बघितलं. बघितलं आणि कानाला हेडफोन लावले.

अंक घरी आला. ती गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून तो चाळू लागली. चाळू लागली कसलं, सरळ श्रेयनामावलीच उघडली. अक्षरजुळणीपुढे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. त्या नावावरून तिनं बोट फिरवलं आणि अंक मिटला. कथा एकही वाचली नाही.

काही दिवसांनी ती कपडे वाळत घालत होती आणि फोन वाजला. हात ओले म्हणून तिनं तो स्पीकरवर लावला. तनुजाताई.

"अहो द्वारकाताई, किती दिवस रुसून बसणार? एक आत्मचरित्र आलंय. लेखक निवृत्त आहेत, त्यामुळे पानं भरपूर. कधी सुरू करता?"

"नको, ताई. माझ्या कुंकवानं मशीन जळलं तेव्हापासून मी हात लावत नाही."

"कशानं जळलं?"

"कुंकवानं. दसऱ्याला लावलं होतं ना."

"द्वारकाताई," तनुजाताई म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमच्या छपाईच्या मशिनला दर दसऱ्याला कुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, शेजारी नारळ फुटतो. मशीन अजून चालू आहे. सासरे गेले. तुमच्या घरचा कॉम्प्युटर फारच सोवळ्यातला दिसतो."

फोन संपला. द्वारका ओला टॉवेल हातात घेऊन उभी होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पत्र्यावरचं कुंकू अजून होतं, तिच्या बोटाएवढंच, जिथं लावलं तिथंच. ती खाली बसली. झाकण उचललं. आतलं काळं, फुगलेलं, फुटलेलं सगळं तिनं उन्हाकडे धरून बघितलं. नखानं काजळी खरवडून बघितली. लाल कुठं दिसतंय का ते शोधत होती, बिचारी, अजूनही स्वतःचीच चूक शोधत होती.

नव्हतंच. कुठून सापडणार?

तिनं मला उचललं आणि आत घेऊन गेली. साई गेम खेळत होता. तिनं मला धाडकन त्याच्या कीबोर्डवर ठेवलं. स्क्रीनवर त्याचा शिपाई गिरक्या घ्यायला लागला आणि मेला.

"आई! काय करतेस?"

"हेडफोन काढ." त्यानं काढले. "यात कुठं हाय माहं कुंकू? दाखव."

"आई, ते आता..."

"दाखव न. तुले समजते न यातलं? मले नाही समजत. मले दाखव."

साईनं माझ्या पोटात बघितलं नाही. त्याला बघायची गरज नव्हती. "नाहीये," तो म्हणाला.

"मंग हा जळला कशानं?"

"मी जास्त लोड टाकला होता. शुभंकर आधी बोलला होता, बदल म्हणून. मी नाही बदलला."

"तुले कधी समजलं हे?"

"दुसऱ्या दिवशी. उघडला तेव्हा."

हिंमतराव नुकतेच कंपनीच्या बसनं आले होते. दारात एका पायात बूट, एक हातात, असे ते उभे होते. त्यांनी विचारलं, "अंक छापाच्या आधी?"

साईनं मान हलवली.

द्वारकेचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "मशीन चालू होतं," ती म्हणाली. "मी पानं पुन्हा लावली असती. तू नुसतं म्हटलं असतं न, आई तुझी चूक नाही, तर मी लावली असती."

"मी सांगणार होतो गं."

"कधी? पुढच्या दसऱ्याले?"

वऱ्हाडच्या बाईला पुण्याचं पाणी लागलं, ते असं.

"सॉरी, आई," साई म्हणाला.

"सॉरी राहू दे. अन् हा बी राहू दे इथंच." तिनं मला कीबोर्डवरून उचललं आणि स्क्रीनच्या शेजारी ठेवलं, उघड्या पोटानं, त्याच्या तोंडासमोर. "याले कोनी हलवाचं नाही."

साईनं स्वतः तनुजाताईंना फोन केला. अडखळत सगळं सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं. अंक छापून झालाय, त्यामुळे तुमचा प्रामाणिकपणा यंदाच्या अंकात घेता येणार नाही. आईंना फोन द्या."

तर असा मी इथं आहे. द्वारका पुन्हा काम करते. निवृत्त लेखकांचं आत्मचरित्र चालू आहे, ते अजून शाळेतच आहेत. साई अजूनही आकडे वाढवतो, पण आधी विचारतो, "आई, तुझं काम चालू आहे का?" कॅबिनेटची काच परत लागली आहे. आत नवा एसएमपीएस बसलाय, चांगला वजनदार, विकत घेतलेला. त्याचं बरं चालो.

माझा राग गेला का? नाही गेला. छापलेलं पान पुन्हा छापत नाहीत. त्या अंकात तिचं नाव नाही आणि आता कधी येणारही नाही. पुढच्या वर्षीचा अंक वेगळा, त्यातलं नाव वेगळं.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात मिक्सर बंद पडेल, टीव्ही बंद पडेल, कॉम्प्युटर बंद पडेल. वस्तू आहेत, त्या मरणारच. तेव्हा "आई, तू काय केलंस?" हे वाक्य तोंडाशी आलं, की आधी झाकण उघडून बघा. बघून चूक तुमचीच निघाली, तर ती त्याच दिवशी सांगा. आम्हा मेलेल्यांना तोंड नसतं, आणि आया स्वतःहून विचारत नाहीत, त्या जाऊन हात धुतात.

परवा साई टेबल पुसत होता. स्क्रीन पुसला, कीबोर्ड पुसला, मग फडका माझ्या पत्र्यावर आला आणि कुंकवाच्या अगदी जवळ पोचला. द्वारका टाइप करत होती. तिनं मान वळवली नाही.

"तेवढं सोडून पूस," ती म्हणाली.

साईनं तेवढं सोडलं, आणि खाली बसून टेबलाचे पाय पुसायला लागला.